धाडी थांबवणारी फ्रान्सिस

7 ऑगस्ट 2019. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या काही लहान गावांत त्या सुमारास शाळा नुकत्याच उघडत होत्या. काही मुलांचा तर तो अगदी पहिला दिवस. नवं दप्तर, नवे बूट. आईबाप पोरांना शाळेत धाडून कोंबडीच्या कारखान्यात कामावर गेले. कोंबड्या कापायच्या, साफ करायच्या, पाकिटं भरायची, असं हे काम. दिवसभर उभं राहून, गारठ्यात. त्याच सकाळी सरकारी माणसांनी सात कारखान्यांना वेढा घातला आणि कागदपत्रं नाहीत म्हणून सुमारे 680 कामगारांना बसमध्ये घालून नेलं. शाळा सुटली तेव्हा काही मुलांना घ्यायला कुणीच आलं नाही. रडून रडून डोळे सुजलेल्या त्या पोरांना मग गावातल्याच लोकांनी एका व्यायामशाळेत आसरा दिला, खाऊपिऊ घातलं.

त्या मुलांचे रडवेले चेहरे तेव्हा टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिले. आपल्याकडेही व्हिसा, ग्रीन कार्ड हे शब्द आता नवे राहिलेले नाहीत. सांगली-जळगावच्या घराघरांतून ते बोलले जातात, कारण कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची भाची तिकडे. पण कारखान्यावर पडणाऱ्या अशा धाडी ही काही या शतकातली नवलाई नाही बरं का. नव्वदेक वर्षांपूर्वी त्या ऐन भरात होत्या. आणि एका बाईने मंत्र्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्या पार उतरवल्या. फ्रान्सिस पर्किन्स तिचं नाव. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेली ही पहिली स्त्री. पहिली स्त्री म्हणून तिचं नाव पाठ्यपुस्तकांत येतं, पण धाडींची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आज तीच सांगते.

फ्रान्सिसचा जन्म 10 एप्रिल 1880 चा, बॉस्टनचा. पाळण्यातलं नाव फॅनी. वडिलांचं वूस्टर या गावी वह्या-कागदाचं दुकान. घर खाऊनपिऊन सुखी, देवाधर्माचं, शिस्तीचं. मूळ घर मेन राज्यात न्यूकॅसल गावी. तिथे आजी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत फॅनी आजीकडे जायची आणि आजीच्या तोंडून चार व्यवहाराच्या गोष्टी ऐकायची. आईचीही एक गंमत सांगतात. पोरगी दहा-बारा वर्षांची असताना आईने तिला तीन टोकांची टोपी घेऊन दिली. चेहरा रुंद आहे, टोपी त्याहून रुंद हवी, नाहीतर शोभणार नाही, असा आईचा हिशेब! लेकीच्या रूपाबद्दल असं तोंडावर बोलणाऱ्या आया सगळ्या जगात सारख्याच. पण फ्रान्सिसने ती टोपी जन्मभर डोक्यावर ठेवली. पुढे व्यंगचित्रकार नुसती टोपी काढायचे, आणि लोक ओळखायचे कोण ते.

कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलं. माउंट होल्योक हे मुलींचं कॉलेज, 1902 साली ती तिथून पदवीधर झाली. शेवटच्या वर्षी इतिहासाच्या बाईंनी मुलींना जवळच्या गिरण्या-कारखाने बघायला पाठवलं. कारखान्यात काम करणाऱ्या आपल्याच वयाच्या मुली तिने तिथे पहिल्यांदा नीट पाहिल्या. एका मुलीचा हात यंत्रात गेला, की घराची सगळी कमाई बंद! तोवर तिला वाटायचं की गरिबी येते ती दारूने आणि आळसाने. घरात तेच कानावर पडलेलं. आता ते डोक्यातून निघालं ते निघालंच.

घरच्यांच्या मनात होतं की मुलीने शिक्षिका व्हावं, मग लग्न करावं. शिक्षिका ती झाली, शिकागोजवळ दोन वर्षं शिकवलंही. पण सुट्टी मिळाली की हल हाउसमध्ये. जेन अ‍ॅडम्सबाईंनी गरीब वस्तीत चालवलेलं हे घर; इटली, पोलंड, रशियातून आलेल्या बायामाणसांना तिथे आधार मिळायचा. मालक कामाचे पैसे बुडवायचा, तर फ्रान्सिस त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. याच काळात तिने फॅनीचं फ्रान्सिस केलं.

1907 मध्ये ती फिलाडेल्फियाला गेली. तिथलं काम जोखमीचं होतं. बोटीतून उतरणाऱ्या परदेशी मुली आणि दक्षिणेकडून येणाऱ्या काळ्या मुली स्टेशनात किंवा बंदरावर उतरल्या की दलाल टपलेलेच. नोकरी देतो, खोली देतो म्हणायचं आणि पोरीला भलत्याच घरात नेऊन टाकायचं. फ्रान्सिस स्वतः नोकरी शोधणारी मुलगी बनून त्या एजंटांच्या ऑफिसांत, त्या खाणावळींत जायची. सगळं डोळ्यांनी बघून मग पोलिसांत तक्रार. एका पावसाळी रात्री ती घरी परतत असताना दोन माणसं मागे लागली. त्यातला एक असाच एजंट होता. ही गर्रकन वळली, छत्री पुढे केली आणि त्या माणसाचं नाव घेऊन जीव खाऊन ओरडली. नाव चारचौघांत घेतल्यावर पठ्ठ्या पळाला. पुढे तिने त्याचा परवानाही घालवला.

परमुलखात आलेल्या माणसाला कोण कोण लुबाडतं, हे ती असं उमेदवारीतच शिकली. पंचवीस वर्षांनी मंत्रालयात तिला तसलेच दलाल भेटायचे होते, फक्त त्यांच्या खिशात सरकारी बिल्ले होते.

त्याआधी मात्र 25 मार्च 1911 चा शनिवार सांगायला हवा. फ्रान्सिस तेव्हा न्यूयॉर्कला होती आणि त्या दुपारी वॉशिंग्टन स्क्वेअरपाशी एका मैत्रिणीकडे चहाला गेली होती. आगीचे बंब ऐकू आले म्हणून सगळ्या बाहेर धावल्या. समोरच्या दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले पेटले होते. ट्रायँगल शर्टवेस्ट कंपनीचा शिलाईचा कारखाना. बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या मुली आत. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद, का तर जाताना मुलींच्या पिशव्या एकाच दाराशी तपासता याव्यात, कुणी कापड चोरून नेऊ नये. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. खिडकीत दाटलेल्या मुली एकेक करून खाली पडताना फ्रान्सिसने पाहिल्या. 146 जीव गेले, त्यात 123 बायका-मुली. बहुतेक इटलीच्या आणि रशियातून आलेल्या ज्यू घरांतल्या. कितीतरी वीस वर्षांच्याही आतल्या.

नंतर चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या कामात फ्रान्सिस पुढे होती. आमदारांना ती पहाटे उठवून कारखान्यांच्या दारात उभं करायची. रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका बघा म्हणायची. एकदा तर एका बड्या आमदाराला आग लागल्यावर उतरायच्या बर्फाळलेल्या शिडीतून जायला लावलं! आगीपासून बचावाचे, कामाच्या तासांचे कितीतरी कायदे न्यूयॉर्क राज्यात झाले ते यातून.

राजकारणातल्या पुरुषांशी कसं वागायचं याचा तिने अभ्यासच केला होता. एका राजकारण्याच्या बोलण्यातून तिच्या लक्षात आलं की बाई आईसारखी दिसली तर पुरुष तिचं ऐकतात. मग काय, तिशीतच तिने काळा झगा, मोत्यांची माळ आणि तीच ती टोपी असा वेष ठरवून टाकला. पुरुषांच्या डोक्यात काय चालतं याच्या टिपा ती एका लाल पाकिटात जमवत असे. आपल्यापैकी कितीजणींनी मनातल्या मनात असं पाकीट भरलं असेल, नाही का?

1913 मध्ये तिने पॉल विल्सनशी लग्न केलं. नाव मात्र माहेरचंच ठेवलं. त्यावरून लोकांनी खूप नावं ठेवली, पण ती बधली नाही. पहिलं मूल जन्मताच गेलं. 1916 अखेर सुझाना झाली. आणि दोनच वर्षांत पॉलला मनाचा आजार जडला. कधी उन्माद, कधी घोर उदासी. महिनोन् महिने दवाखान्यात. त्या काळी अशा आजाराची वाच्यता करायची सोय नव्हती. तिने ती कधीच केली नाही. घर, दवाखाना, मुलीचं शिक्षण सगळं हिच्या पगारावर. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने तिला राज्याच्या कामगार मंडळावर नेमलं, 1929 मध्ये नवे गव्हर्नर रूझवेल्ट यांनी त्या खात्याची प्रमुखच केलं. लोकांना वाटायचं बाई महत्त्वाकांक्षी आहे. असेलही. पण महिना भरला की बिलं कोण भरणार, हेही होतंच की.

1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकेत महामंदी आली. कामं गेली, बँका बुडाल्या. अशा वेळी दोष कुणाच्या तरी माथी मारावा लागतो. तो बाहेरून आलेल्यांच्या माथी आला. परदेशी लोकांचं खातं तेव्हा कामगार मंत्रालयाकडे होतं. 1930 च्या अखेरीस विल्यम डोक नावाचे गृहस्थ तिथे मंत्री झाले आणि त्यांनी जाहीर केलं की देशात चार लाख परके बेकायदा राहतात, त्यांतल्या एक लाखांना लगेच घालवता येईल. त्यांनी हाकललं की तेवढ्या नोकऱ्या आपल्या लोकांना! ऐकायला किती सोपं. मग सुरू झाल्या धाडी. कारखान्यांवर, खाणावळींवर, नाचाच्या हॉलवर. फेब्रुवारी 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फिनलंडच्या कामगारांच्या हॉलमध्ये नाच रंगला होता. पोलीस आणि खात्याची माणसं आत शिरली, दारं अडवली, हजारावर माणसांना रांगेत उभं करून कागद मागितले. हाती लागले जेमतेम वीसेक.

त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये तर कमालच झाली. तिथे बेकारांसाठी काढलेल्या समितीच्या प्रमुखाने वॉशिंग्टनला तार करून सुचवलं होतं की थोड्या धाडी घाला, वर्तमानपत्रांतून गाजवा, म्हणजे बाकीचे घाबरून आपणच निघून जातील. म्हणजे पकडणं हा हेतूच नव्हता, घाबरवणं हा होता. 26 फेब्रुवारी 1931 ला दुपारी तीन वाजता मेक्सिकन वस्तीतल्या प्लाझा बागेची सगळी तोंडं बंद करण्यात आली. बागेत चारशेच्या आसपास माणसं. कुणी कामाच्या शोधात बसलेलं, कुणी उन्हात पेपर वाचत. तासाभराहून जास्त वेळ सगळ्यांना अडकवून एकेकाला कागद विचारले. एकाने तर 1923 साली रीतसर आल्याचे कागद दाखवले, तरी त्याला धरलंच. एवढ्या खटाटोपात ताब्यात घेतले ते अकरा मेक्सिकन, पाच चिनी आणि एक जपानी. अकरांपैकी नऊ मेक्सिकन दुसऱ्या दिवशी सोडावे लागले!

पण घाबरवण्याचं काम मात्र पुरेपूर झालं. लोकांनी बाहेर पडणं बंद केलं. मजूर कामाच्या नाक्यावर येईनात. बाजारपेठ ओस पडली. बँकेतले पैसे काढून घेतले जाऊ लागले, तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनाही काळजी वाटायला लागली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी मेक्सिकोकडे आगगाड्या सोडल्या. फुकट तिकीट देतो, जा. पहिली गाडी मार्च 1931 मध्ये सुटली आणि तीन वर्षांत अशा गाड्यांतून सुमारे 13 हजार माणसं गेली. कागदावर ती आपखुशीने गेली. खरं तर दारावर कधी थाप पडेल याची धास्ती होती, आणि मदतकेंद्रावरचं धान्य बंद होईल असं सांगितलं जात होतं. पोरांची नावं शाळेतून काढली, भांडीकुंडी मिळेल त्या भावाला विकली. सगळ्या देशाचा आकडा अभ्यासक साडेतीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगतात. त्यात निम्म्याच्या आसपास तर अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे तिथले कायदेशीर नागरिक होते. बहुतेक लहान मुलंच. मेक्सिको त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

मार्च 1933 मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि फ्रान्सिस कामगार मंत्री. पद घेण्याआधी तिने त्यांच्यापुढे कागदावर यादी ठेवली होती. म्हातारपणी पेन्शन, बेकारी भत्ता, किमान वेतन, कामाचे ठरावीक तास, बालमजुरीला बंदी. हे करू देणार असाल तर येते. ते हो म्हणाले. आणि ती मंत्रालयात आली तर काय, टेबलाच्या खणात झुरळं! पहिल्या दिवसांत तिने आणि तिच्या सेक्रेटरीने स्वतः खण पुसून काढले.

दुसरी साफसफाई जास्त अवघड होती. परदेशी लोकांच्या खात्यात धाडी घालणारी एक खास तुकडी होती, सेक्शन 24 नावाची. मरे गारसन नावाचा माणूस तिचा म्होरक्या. तुकडीची कीर्ती बाहेर काय होती? वॉरंट नसताना घरात घुसायचं, अर्ध्या रात्री उठवायचं, आणि पैसे मिळाले तर सोडून द्यायचं. 1931 मध्येच एका सरकारी आयोगाने ताशेरे ओढले होते की पकडणारा, चौकशी करणारा आणि निकालाची शिफारस करणारा एकच अधिकारी असतो, मग न्याय कसला? फ्रान्सिसला हे नवं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या बंदरावर तिने हेच पाहिलं होतं, आलेल्या माणसाला भाषा येत नाही, ओळख नाही, भीती आहे, मग लुबाडा.

सरकारी तिजोरी रिकामी होती, सगळ्याच खात्यांना काटछाट करायला सांगितलं होतं. तिने ही अख्खी तुकडीच काटून टाकली. त्या लोकांनी सहजासहजी खुर्ची सोडली नाही. एका रात्री तिला कळलं की नोकरी गेलेले हे वीर मंत्रालयात शिरून फायली उपसत आहेत. ही बाई तशीच तिथे गेली, त्यांना समोर उभं करून बाहेर काढलं आणि दाराला पहारा बसवला. छत्रीची गरज या वेळी पडली नाही. (या गारसनला पुढे महायुद्धानंतर लष्करी कंत्राटांत लाच दिल्याबद्दल शिक्षा झाली, एवढं जाता जाता सांगते.)

तिने मग डॅनियल मॅककॉर्मॅक हा सचोटीचा माणूस खात्यावर नेमला. आधी वॉरंट, मग अटक असा नियम घातला. हद्दपार होणाऱ्यांचा आकडा 1933 मध्ये 19,865 होता, तो पुढच्याच वर्षी 8,879 वर आला. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर परदेशी लोकांना डांबून ठेवत, तिथली पाहणी करायला नागरिकांची समिती नेमली आणि तिच्या सूचनांवरून सुधारणा केल्या.

तरी कायद्याचा काच होताच. त्या वेळच्या कायद्यात दयामाया नावाला नव्हती. माणूस दहा वर्षं इमानाने काम करत असो, बायको-पोरं तिथलीच असोत, कागदात खोट निघाली की हद्दपार! कमावता गेला की मागे राहिलेली बाई पोरं घेऊन सरकारी मदतीच्या रांगेत. म्हणजे नोकऱ्या वाचवायच्या म्हणून ज्याला घालवलं, त्याच्या कुटुंबाला पोसायचा खर्च गावावर! मॅककॉर्मॅक आणि फ्रान्सिसने हेच संसदेला पटवायचा प्रयत्न केला. कुटुंब मोडत असेल तर हद्दपारी माफ करायचा अधिकार द्या असं विधेयक आणलं, तोवर अशा कितीतरी लोकांचे हुकूम रोखून धरले. विधेयक पास झालं नाही. मग त्यांनी दुसरी वाट काढली. माणसाने शेजारच्या कॅनडात जायचं, तिथल्या अमेरिकन वकिलातीतून रीतसर व्हिसा घ्यायचा आणि त्याच पावली कायदेशीर होऊन घरी परतायचं. हजारो घरं त्यामुळे टिकली.

पण इथे मला हात आखडता घेववत नाही. ही वाट युरोपातून आलेल्यांच्या उपयोगी पडली. मेक्सिकन लोकांना तिचा लाभ जवळजवळ मिळालाच नाही. आगगाड्यांतून माणसं धाडणं जिल्ह्यांच्या हातात होतं, ते फ्रान्सिस मंत्री झाल्यावरही काही वर्षं चालूच राहिलं, आणि तिने ते थांबवल्याचं दिसत नाही. पुढे तिने पेन्शनचा आणि किमान वेतनाचा कायदा घडवला, तेव्हाही शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेरच राहिल्या. संसदेतल्या दक्षिणेच्या पुढाऱ्यांपुढे सरकारने नमतं घेतलं. शेतात राबणारे मेक्सिकन, घरकाम करणाऱ्या काळ्या बायका, त्यांच्या वाट्याला तिच्या कामातलं थोडंच आलं. तिची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणं बरं नाही.

जेवढं केलं तेवढ्याचीही किंमत तिला मोजावी लागली. 1934 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला. पुढारी हॅरी ब्रिजेस, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. सॅन फ्रान्सिस्कोत गोळीबारात दोघं मेले, मग अख्खं शहर बंद पडलं. रूझवेल्ट तेव्हा समुद्रप्रवासात होते. मंत्रिमंडळातले काही बुजुर्ग लष्कर पाठवा म्हणत होते. फ्रान्सिस अडून बसली की नका पाठवू, बोलणी होतील. बोलणी झाली, संप मिटला. मालकवर्गाच्या मनात मात्र ब्रिजेस सलत राहिला. तो कम्युनिस्ट आहे, परदेशी आहे, त्याला हाकला, अशी हाकाटी वर्षानुवर्षं चालली. संप मोडायचा सोपा उपाय म्हणजे पुढाऱ्याला देशाबाहेर काढणं, हा डोक यांच्या वेळचा खाक्याच होता. फ्रान्सिसचं म्हणणं एवढंच की पुरावा आणा, कायदा काय म्हणतो ते कोर्टाला ठरवू द्या.

ते पुरे झालं. तिच्याबद्दल अफवा उठल्या की ही मुळात रशियातली ज्यू, नाव बदलून आलेली! बॉस्टनच्या जुन्या घराण्यातली बाई ही. तिने आपल्या जन्माचा, बाप्तिस्म्याचा सगळा तपशील लिहून दिला आणि वर हेही कळवलं की मी ज्यू असते तर ते अभिमानानेच सांगितलं असतं. तिकडे जर्मनीत हिटलर आल्यापासून ती तिथल्या ज्यूंना अमेरिकेत जागा मिळावी म्हणून परराष्ट्र खात्याशी भांडत होतीच. 1938 च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनाघरं जाळली गेली, तेव्हा पाहुणे म्हणून अमेरिकेत आलेल्या हजारो जर्मनांची मुदत वाढवून घेतली, त्यांना परत त्या आगीत जावं लागलं नाही.

24 जानेवारी 1939 ला जे. पार्नेल थॉमस या खासदाराने तिच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला. मंत्रीपदावरून काढून टाका, ब्रिजेसला हद्दपार करत नाही म्हणून! फेब्रुवारीत ती समितीपुढे एकटीच्या बळावर उत्तरं देत बसली. समोर सगळे पुरुष. घरी नवऱ्याचं दुखणं, ज्याबद्दल कुणापाशी बोलायचं नाही. या सगळ्या वर्षांत ती अधूनमधून मेरीलँडमधल्या एका मठात जात असे. तिथे जोगिणींबरोबर राहायचं आणि दिवसाचा बराच वेळ मौन. मंत्रीबाई आहे हे तिथल्या अनेकींना म्हणे ठाऊकही नव्हतं. मार्चमध्ये समितीने ठरवलं की महाभियोगासारखं काही आढळत नाही. त्याच वर्षी हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाच्या प्रमुखांनी चौकशी करून ब्रिजेस कम्युनिस्ट असल्याचं सिद्ध होत नाही असा निकाल दिला. आणि थॉमस? पगारांत खोटी नावं घालून पैसे खाल्ल्याबद्दल दहा वर्षांनी तेच तुरुंगात गेले.

ठराव पडला, पण वचक बसला. पुढच्या वर्षी, जून 1940 मध्ये, युद्धाचे ढग दाटले म्हणून परदेशी लोकांचं खातं तिच्याकडून काढून न्याय खात्याकडे दिलं गेलं, म्हणजे जिथे पोलीस आणि सरकारी वकील, तिथे. 2003 पासून ते देशाच्या सुरक्षेच्या खात्यात आहे. मला यात फार काही दडलेलं वाटतं. एकेकाळी बाहेरून आलेला माणूस सरकारच्या लेखी कामगार होता, बरा-वाईट का असेना. पुढे तो संशयित झाला. 12 मे 2008 ला आयोवातल्या पोस्टव्हिल या अडीच हजारांच्याही आतल्या गावात मांसाच्या कारखान्यावर धाड पडली आणि 389 जणांना धरलं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांना कुठे नेलं ठाऊक आहे? गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर. उरलेल्या बायका-मुलांनी गावातल्या चर्चमध्ये आसरा घेतला. काही महिन्यांत कारखान्याचं दिवाळं निघालं. दुकानं, भाड्याची घरं ओस पडली. लॉस एंजेलिसची 1931 ची बाजारपेठ आठवते ना?

फ्रान्सिस 1945 पर्यंत मंत्रीपदावर होती, सलग बारा वर्षं. नंतर काही काळ सरकारी नोकरभरतीच्या आयोगावर. 1952 च्या शेवटच्या दिवशी पॉल गेला. पुढे ती कॉर्नेल विद्यापीठात कामगार प्रश्न शिकवायची. ऐंशीच्या घरात असताना विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहायला गेली. सगळी तरुण मुलं आणि मध्ये ही टोपीवाली आजी. पोरांनी तिला आपण होऊन बोलावलं होतं म्हणे, आणि तिलाही ते मनापासून आवडलं होतं. 14 मे 1965 ला न्यूयॉर्कमध्ये ती गेली.

कॅलिफोर्निया राज्याने 2005 मध्ये कायदा करून तीसच्या दशकात घालवलेल्या लोकांची माफी मागितली आणि 2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या त्या प्लाझापाशी माफीचा फलक उभा राहिला. फ्रान्सिसचं न्यूकॅसलचं वडिलोपार्जित घर डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. त्याच गावात तिची समाधी आहे, पॉलच्या शेजारी. दगडावर कामगार मंत्री आणि 1933 ते 1945 ही वर्षं कोरली आहेत. वर नाव आहे फ्रान्सिस पर्किन्स विल्सन. जन्मभर माहेरचं नाव लावलेल्या बाईच्या दगडावर शेवटी सासरचं नावही आहे.